टीसीपीवरचा तुमचा प्रोटोकॉल रेंगाळतो? आधी राइट कॉल मोजा

टीसीपी म्हणजे नेटवर्कवर डेटा क्रमाने आणि खात्रीने पोचवायची पद्धत; तिची जोडणी, म्हणजे सॉकेट, कसं उघडायचं हे इथे सांगत बसत नाही. प्रोटोकॉल चालतोय, पण मध्येच रेंगाळतो, अशांसाठी हे आहे.

आधी मोजा. सरासरी नको, ती फसवते. दर 100 विनंत्यांतली सगळ्यात हळू किती वेळ घेते ते बघा.

आता खरी कटकट. जळगावकडच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यासाठी मी प्रोग्रॅम लिहिला होता. लाइट गेली की नोंदी काट्यावर साठायच्या, आली की एकेक करून ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरला जायच्या. प्रत्येक नोंदीचा आधी 8 बाइटचा हेडर, मग 60 बाइटचा मजकूर, असे दोन राइट कॉल, म्हणजे सॉकेटवर डेटा लिहायच्या दोन आज्ञा. पहिल्या काही नोंदी सटासट गेल्या, मग प्रत्येकीला 40 मिलिसेकंद. 200 नोंदींना 8 सेकंद! बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि मुकादम विचारतो, "का भो, झोपलं का तुझं मशीन?" मी दोन दिवस केबली बदलत बसलो. तसं करू नका. वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावा, 40 मिलिसेकंदांच्या एकसारख्या फटी दिसल्या की रोग हाच.

जॉन नेगल यांनी 1984 मध्ये आरएफसी 896 या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात सुचवलं, की आधीच्या डेटाची पोच आलेली नसेल तर छोटा तुकडा रोखून धरा. पोच आली किंवा पॅकेट भरलं की सोडा. चोपड्याची काळीपिवळी सीट भरल्याशिवाय हलत नाही, तसं. त्यात तथ्य होतं: 1 बाइटसाठी 40 बाइटचे हेडर कोण वाहणार? पण समोरचा, डेटा घेणारा सर्व्हरही हिशेबी. तो म्हणतो, पोच एकटी कशाला पाठवू, उत्तरासोबतच देतो. हेडर पोचला, मजकूर नाही, म्हणून उत्तर नाही. उत्तर नाही म्हणून पोच नाही. पोच नाही म्हणून मजकूर अडकलेला. लिनक्सचा टायमर 40 मिलिसेकंदांनी वाजतो तेव्हा कोंडी फुटते. विंडोजवर 200 पर्यंत जातं.

यावर जो तो सांगतो, 'टीसीपी_नोडिले' लावा, म्हणजे नेगल यांचं हे रोखून धरणं बंद करा. नुसतं तेवढंच केलंत तर नोंदीमागे दोन पॅकेट जातील आणि थ्रूपुट (ठरावीक वेळात किती डेटा जातो ते) खाल्लं जाईल. आधी हेडर आणि मजकूर एकाच बफरात घेऊन एकच राइट करा, मगच नोडिले लावा.

जास्त थ्रूपुटसाठी नोंदी एकत्र पाठवायच्या असतील तर 10 मिलिसेकंदांचा ठरावीक टायमर लावू नका. काम नसतानाही तो प्रत्येकाला थांबवतो. एक राइट चालू असताना जे येईल ते साठू द्या, तो संपला की साठलेलं सगळं एकदम सोडा. गर्दी नसेल तर कुणी थांबत नाही, गर्दी झाली की गठ्ठे आपोआप मोठे होतात. हे मला फार उशिरा सुचलं.

दर नोंदीच्या उत्तराची वाट बघणंही सोडा. क्रमांक द्या आणि दहा-वीस एकदम जाऊ द्या.

राहिला सेंड बफर, म्हणजे पाठवायचा डेटा जिथे थांबतो ती जागा. लाइनचा वेग गुणिले फेरीचा (जाऊन पोच परत येईपर्यंतचा) वेळ, एवढाच ठेवा: 20 एमबीपीएस आणि 50 मिलिसेकंद असतील तर 125 केबी. 'असू दे मोठा' म्हणून 1 एमबी ठेवलात, तर 2 एमबीपीएसच्या अपलिंकवर तातडीचा संदेश 4 सेकंद मागे उभा राहील.