शस्त्रविक्रीबंदी उठवायची का? कॉलेजात अभिरूप सुरक्षा परिषद घेताना

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात किंवा कुठल्याही कॉलेजात हे सत्र घेता येतं: मुलं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतले सदस्य देश बनतात आणि एखाद्या देशावरची शस्त्रविक्रीबंदी उठवायची का यावर मत देतात. १५ खुर्च्या मांडा: ५ कायम सदस्य, १० निवडून आलेले.

भाषणं लिहिण्याआधी एक गोष्ट तपासा: बंदीला मुदत आहे का? सगळा डाव इथंच ठरतो. मुदत असेल तर बंदी टिकवू पाहणाऱ्याला मतं जमवावी लागतात, नसेल तर उठवू पाहणाऱ्याला. इराणवरची बंदी ऑक्टोबर २०२० मध्ये संपणार होती. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं मुदतवाढीचा ठराव आणला: बाजूनं २, विरोधात २, तटस्थ ११. ठराव पडला, बंदी आपोआप संपली. युगोस्लाव्हियावरची १९९१ ची बंदी बेमुदत होती. १९९३ मध्ये बोस्नियाला तीतून वगळण्याच्या बाजूनं ६ मतं पडली, ९ तटस्थ, विरोधात एकही नाही. तरीही ठराव फेटाळला गेला, कारण ९ होकार लागतात.

मुलं हमखास चुकतात ती इथं. ८ मतांना बहुमत धरतात, कायम सदस्याच्या तटस्थतेला नकाराधिकार (एका विरोधी मतानं ठराव पाडण्याचा हक्क) समजतात. मतमोजणी फळ्यावरच करा.

तडजोडीच्या मसुद्यात तीन कलमं हवीत: कुणाला सूट, कोणत्या शस्त्रांना, माहिती कुणाला द्यायची. नमुना म्हणून सोमालियाचा डिसेंबर २०२३ चा निर्णय घ्या. सरकारवरची बंदी उठली, अल-शबाब या तिथल्या सशस्त्र गटावरची राहिली.

युरोपीय संघाचं सत्र वेगळं ठेवा. तिथं एकमत लागतं.