जोडीतल्या पीएलसींना (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) एचएमआयचा, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनचा, पीसी जोडताना पत्ता कोणता द्यायचा?

सीमेन्सच्या एस७-१५००आर किंवा एच जोडीत एक पीएलसी बंद पडला तर दुसरा काम सांभाळतो. यातल्या प्रत्येक सीपीयूला (पीएलसीचं मुख्य युनिट) स्वतःचा आयपी पत्ता असतो. बहुतेक जण सवयीने पहिल्याचाच पत्ता ऑपरेटरच्या पीसीत टाकतात. सगळं छान चालतं, पण तो सीपीयू बंद पडला की प्लांट दुसऱ्यावर सुरू आणि स्क्रीन मात्र आंधळी!

उपाय सोपा आहे. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूच्या प्रॉपर्टीजमध्ये सिस्टिम आयपी, म्हणजे जोडीचा सामायिक पत्ता, चालू करा आणि एचएमआयचं कनेक्शन त्याच पत्त्यावर द्या. हा पत्ता त्या वेळी प्रायमरी (प्लांट चालवणारा) असलेल्या सीपीयूकडे असतो, अदलाबदल झाली की तोही सरकतो. त्यासोबत एक आभासी मॅक पत्ताही (नेटवर्कवरचा हार्डवेअर पत्ता) येतो. एकाच नेटवर्कवर अशा दोन जोड्या असतील, तर या मॅक पत्त्याचा शेवटचा बाइट (शेवटचे दोन अंक) प्रत्येक जोडीत वेगळा ठेवा. हे हमखास विसरलं जातं.

आणि पीसीची केबल थेट एका सीपीयूत खुपसू नका, मध्ये नेटवर्क स्विच घ्या.

प्लांट ताब्यात देण्याआधी, उत्पादन बंद असताना, चाचणी म्हणून प्रायमरी सीपीयू स्टॉपला टाका. आकडे हलतायत एवढ्यावर खूश होऊ नका, स्क्रीनवरून एखादा सेटपॉइंट (ठरवून दिलेली किंमत) बदलून तो खाली पीएलसीपर्यंत पोचतो का, तेही पाहा.