अंगणातला कुत्रा आणि रात्रीचे पाहुणे: या चुका टाळा

“आमचा शेरू वाघाले बी भीत नाही काकाजी,” असं नागपूरच्या दाभ्यात आमच्या गल्लीतले एक शेजारी मोठ्या कौतुकानं सांगायचे. शेरू रात्रभर गेटपाशी साखळीला बांधलेला असायचा. मी म्हटलं, भाऊ, भीत नाही हीच तर पंचाईत आहे.

गोरेवाड्याचं जंगल आमच्यापासून फार लांब नाही. २०२१ च्या मे महिन्यात तर बिबट्या गायत्रीनगर, आयटी पार्कच्या भरवस्तीत फिरून गेला. काटोल रोड, हिंगणा, वाडी, अंबाझरीकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. बिबट्याला कुत्रा म्हणजे बेताच्या आकाराची, सहज उचलता येणारी शिकार. त्यातही बांधलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. मोकळा कुत्रा निदान पलंगाखाली घुसेल, पोर्चमध्ये पळेल. साखळीतल्याला तेवढीही सोय नाही. राखणीसाठी बांधायचंच असेल तर दिवसा बांधा. अंधार पडला की कुत्रा घरात.

“आमचं कंपाउंड सहा फुटांचं आहे” हा दुसरा गैरसमज. बिबट्या दहा फुटांपर्यंत उंच उडी मारू शकतो, आणि भिंतीलगत कडुनिंब किंवा आंबा असेल तर त्याला उडीचीही गरज नाही. भिंतीबाहेर झुकलेल्या फांद्या छाटून टाका. घरात जागाच नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलचा पिंजरा करून घ्या: चारही बाजूंनी जाड वेल्डेड जाळी, खाली कोबा आणि वरून छत. छत विसरणारे बरेच असतात. कोंबड्यांची पातळ जाळी बिबट्यापुढे टिकत नाही. वर नुसता टिनाचा पत्रा टाकलात तर मे महिन्यात आत भट्टी होते, म्हणून त्यावर बांबूच्या तट्ट्या अंथरा.

बिबट्याची भीती सगळ्यांना असते. साप मात्र रोजचा, आणि त्याच्या बाबतीत माझीच चूक झालेली आहे.

आमची सांदवाडी, म्हणजे घर आणि कंपाउंडमधला बोळ, तिथं कूलर. उन्हाळ्यात कूलरखालची जमीन दिवसभर ओली, म्हणून बेडूक, बेडकांमागे साप. एका संध्याकाळी आमच्या चंपीनं कूलरच्या स्टँडखाली तोंड घातलं आणि कुंई करून मागे सरली. मला वाटलं गांधीलमाशी चावली. हळद लावली आणि चहा प्यायला बसलो. पंधरा-वीस मिनिटांत जबडा एका बाजूनं पावासारखा फुगला. तेव्हा बॅटरी घेऊन स्टँडखाली बघितलं, तर कुकरची वाफ सुटावी तसा आवाज आला. घोणस, आपल्याकडे जिला परड म्हणतात ती. पहिल्या दवाखान्यात सर्पविषावरचं औषधच नव्हतं, दुसऱ्यात मिळालं. चंपी वाचली, पण वाया गेलेली वीस मिनिटं माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हा कुत्र्याचा चेहरा किंवा पाय एकाएकी सुजला तर आधी साप गृहीत धरा, नंतर माशी. हळद, तूप, कडुनिंब, चिरा देणं, दोरी आवळणं यातलं काहीही करू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. साप मारत बसू नका. लांबून फोटो मिळाला तर घ्या, नाही मिळाला तरी निघा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर माणसांना देतात तेच औषध कुत्र्यांनाही देतात. ते कोणत्या दवाखान्यात असतं, रात्री कुठला दवाखाना उघडा असतो, हे आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या दवाखान्याच्या वेळाही विचारून ठेवा.

मण्यार आणखी फसवी. ती रात्री निघते आणि चावली तरी बहुधा सूज येत नाही. सकाळी कुत्रा लटपटतोय, पापण्या ओघळल्यात, श्वास कष्टानं घेतोय, असं दिसलं तर “काहीतरी खाल्लं असेल” म्हणून दुपारपर्यंत थांबू नका.

साप येऊ नये म्हणून अंगणभर कार्बोलिक ॲसिड शिंपडणारे आमच्याकडे पुष्कळ. सापाला त्यानं फरक पडत नाही, कुत्र्याचे पंजे मात्र भाजतात. त्यापेक्षा विटांचा ढीग, जुनी टिनं, तुराट्यांचे भारे हलवा, कूलरखाली कोबा करा आणि मोरीला जाळी बसवा. उंदराचं औषध टाकत असाल तर मेलेला उंदीर कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही एवढं बघा.

उरलेल्या पोळीचं भांडं रात्रभर अंगणात ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. पोळीला उंदीर, रानडुकरं आणि भटकी कुत्री येतात, उंदरांमागे साप आणि भटक्या कुत्र्यांमागे बिबट्या. उष्ट्याची बादलीही झाकूनच ठेवा.

मुंगसाशी झटापट झाली आणि लहानशी जखम दिसली की लोक सोडून देतात. मुंगसापासून रेबीज होऊ शकतो. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा, हातमोजे घाला आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लस दर वर्षी घेतलेली असली तरी अशा वेळी पुन्हा द्यावी लागते. वानरांच्या टोळीवर कुत्रा सोडायची हौस असेल तर ती आवरा. हुप्प्याचे सुळे एकदा जवळून बघा म्हणजे पटेल.

उमरेड किंवा काटोलकडे शेतावर कुत्रा नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: रानडुकरांसाठी कुणी कुंपणात थेट वीज सोडलेली असू शकते. हा गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मेली आहेत. अनोळखी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कुत्रा पट्ट्यातच ठेवा.

आता रात्रीचं. कुत्रा जोरजोरात भुंकत होता आणि मधेच एकदम गप्प झाला, तर दार उघडून धावत सुटू नका. आतूनच दिवे लावा, ताट वाजवा, मोठ्यानं बोला. खिडकीतून जोरदार टॉर्च फिरवा. चमकणारे डोळे दिसले तर दार बंदच ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गल्लीतल्या पोरांना मोबाईल घेऊन गोळा होऊ देऊ नका. घेरलेला बिबट्या अंगावर येतो आणि रस्ता मोकळा दिसला तर निघून जातो.