झोपलंय म्हणून शून्य लिहू नका

लहान मुलांच्या वॉर्डात नवीन ड्यूटी लागली की चार्टवरचा वेदनेचा रकाना बहुतेक जण घाईत भरतात. मूल गप्प पडलंय, लिहा शून्य. पोटाच्या ऑपरेशननंतर मूल निपचित पडतं ते पुष्कळदा हललं की दुखतं म्हणूनच.

दोन महिने ते सात वर्षं या वयासाठी ‘फ्लॅक’ मोजपट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, प्रत्येकाला 0 ते 2 गुण, एकूण 10; गुण जास्त तर वेदना जास्त. जागं मूल दोन ते पाच मिनिटं बघायचं, झोपलेलं निदान पाच, आणि तेही पांघरूण बाजूला करून. पाय सैल पडलेत की पोटाशी ओढून घेतलेत, हे चादरीवरून कळत नाही. मांडीवर हात ठेवून स्नायू ताठ आहे का बघा. अधूनमधून कपाळाला आठी पडली तर 1. हनुवटी सारखी थरथरतेय, दात आवळलेत, तर 2. आईने कडेवर घेतल्यावर शांत झालं तर समजुतीचा 1, तरीही आवरेना तर 2. आकडा लिहिण्याआधी शेवटचं दूध कधी पाजलं ते विचारा. भुकेचं रडणंही इथे गुण मिळवून जातं.

नवजात बाळासाठी ‘निप्स’ ही पट्टी, एकूण गुण 7. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ‘पिप’ बरी, कारण ती गर्भाचे आठवडे, नाडी आणि ऑक्सिजनही धरते. असं बाळ थकलेलं असलं की रडतही नाही. ‘पिप’साठी सुई टोचण्याआधीचे नाडी-ऑक्सिजनचे आकडे हवेत. ते टिपायचे राहिले तर नंतर काही करता येत नाही.

चार-पाच वर्षांपासून मुलालाच विचारावं. सहा चेहऱ्यांचं कार्ड दाखवताना ‘हसरा’, ‘रडका’ हे शब्द टाळा, नाहीतर मूल आवडलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. ‘इथे अजिबात दुखत नाही, इथे खूप खूप दुखतंय, तुझं कुठलं?’ एवढंच. लहानग्यांना ‘दुखणं’ कळत नसेल तर ‘बाऊ’ म्हणा. हातात सिरिंज असताना विचारू नका. इंजेक्शनच्या धास्तीने मूल ‘काहीच दुखत नाही’ म्हणतं. साधारण आठव्या वर्षापासून 0 ते 10 तोंडी विचारलं तरी चालतं.

बोलता न येणाऱ्या, मतिमंदत्व असलेल्या मुलाचं दुखणं कसं दिसतं ते आईला आधीच विचारून चार्टवर टिपून ठेवा. व्हेंटिलेटरवर स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर या वागण्यावरच्या पट्ट्या निरुपयोगी. तिथला शून्य खोटा.

औषध दिल्यावर पुन्हा मोजायचं: शिरेतून दिलं तर अर्ध्या तासात, तोंडावाटे दिलं तर तासाभरात, आणि त्याच पट्टीने. सकाळी फ्लॅक, रात्री चेहऱ्यांचं कार्ड असं केलं की 6 वरून 4 झाल्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही.