पिल्लाचे डोस मोजू नका, आठवडे मोजा

पिल्लू घरी आलं की दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे न्या. सोबत त्याची ताजी शी डबीत घ्या आणि लसीचं जुनं कार्ड असेल तर तेही. मांजराचं पिल्लू हातात धरून नेऊ नका, बंद बास्केटच हवी.

जंताचं औषध वजनावर ठरतं, तेव्हा वजन तिथेच करून घ्या. पिल्लू 12 आठवड्यांचं होईपर्यंत साधारण दर दोन आठवड्यांनी ते द्यायचं. यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते लसीचं गणित. माझ्या कुत्र्याला लहानपणी 6 आणि 9 आठवड्यांना लस टोचली होती. दोन डोस झाले म्हणजे झालं, असं समजून मी त्याला खुशाल बाहेर सोडलं. चौदाव्या आठवड्यात पार्व्हो झाला, म्हणजे विषाणूमुळे होणारा आतड्यांचा जीवघेणा आजार. रक्ताचे जुलाब, उलट्या, सहा दिवस सलाइन. वाचला, पण थोडक्यात.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं मिळतात. ती पिल्लाला सांभाळतात, पण टोचलेल्या लसीचाही फडशा पाडतात. कुणाची आठव्या आठवड्यात ओसरतात, कुणाची पार सोळाव्यापर्यंत रेंगाळतात, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. ती ओसरायच्या आत दिलेला डोस वाया जाऊ शकतो. म्हणून 6 ते 8 आठवड्यांना सुरुवात करून दर 2 ते 4 आठवड्यांनी लस द्यायची आणि या मालिकेतला शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावरच घ्यायचा. मांजरांचंही तेच, त्यांच्या पॅनल्युकोपेनिया या जीवघेण्या आजाराचा विषाणू पार्व्होचाच भाऊबंद. ‘तीन डोस झाले, पुरे’ असं कुणी म्हणालं तर शेवटचा डोस कितव्या आठवड्यात झाला ते विचारा. बाराव्यात झाला असेल तर पुरे नाही.

पुढचा बूस्टर सहा महिन्यांनी की वर्षाने, ते डॉक्टर ठरवतील. रेबीजची लस वेगळी, साधारण 12 आठवड्यांनंतर. ती मात्र कुठल्याही सबबीवर टाळू नका.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवा, हा सल्लाही मला पटत नाही. माणसं, आवाज, गाड्या यांची सवय पहिल्या तीन महिन्यांतच लागते. ती लागली नाही तर नंतर तेच पिल्लू भित्रं किंवा चावरं होऊ शकतं. उचलून फिरवा, लस पूर्ण झालेल्या शांत कुत्र्यांशी खेळू द्या. जिथे अनोळखी कुत्री शी करतात त्या मातीत मात्र ठेवू नका. पार्व्होचा विषाणू तिथे महिनोन्महिने टिकतो आणि तुमच्या चपलांना चिकटून घरातही येतो. घरात आधी हा आजार होऊन गेला असेल तर फिनाइलवर विसंबू नका. फरशी आधी स्वच्छ धुवा, मग एक भाग ब्लीच 30 भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओली ठेवा.

पिल्लू खात नाही, मलूल आहे, उलट्या-जुलाब होताहेत? उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी न्या. आणि घरातलं पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला तर अर्धी गोळीही जिवावर बेतते. कुत्र्याचे पर्मेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेले गोचिडांवरचे थेंबही मांजराला विषच.