टीएलडीसोबत शुगर, ॲसिडिटी आणि कॅल्शियमच्या गोळ्या कशा बसवायच्या

पन्नाशी ओलांडली की एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळीशेजारी बीपी, शुगर, कॅल्शियम, ॲसिडिटीची पाकिटं जमायला लागतात. टीएलडी या एआरटीच्या गोळीचं (टेनोफोवीर ३००, लॅमिवुडिन ३००, डोलुटेग्रावीर ५० मिलिग्रॅम) त्यातल्या बहुतेकांशी जमतं. मोजक्यांशी मात्र वाजतं.

सगळ्यात जास्त घोळ अँटासिडचा. डायजीन, जेल्युसिलमधलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोलुटेग्रावीरला पोटातच धरून ठेवतं, मग गोळी गिळूनही औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. त्रास काही जाणवत नाही, म्हणून व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वाढलेला दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. आधी टीएलडी घ्या, अँटासिड २ तासांनी. क्रम उलटा झाला तर मध्ये ६ तास हवेत. म्हणजे संध्याकाळी ८ला जेल्युसिल घेतलं की ९ची टीएलडी गेली रात्री २वर, आणि तेव्हा कोण उठतंय! रोज रात्री जळजळणाऱ्यांनी एआरटी सेंटरमध्ये विचारून टीएलडी सकाळी नाश्त्यानंतर लावून घ्यावी. ॲसिडिटीचंच पँटोप्राझोल मात्र टीएलडीबरोबर चालतं.

कॅल्शियम आणि लोहाची गोळी जेवणासोबत असेल तर टीएलडीबरोबर घेता येते. उपाशीपोटी तोच २ आणि ६ तासांचा हिशेब, त्यामुळे उपवासाला हमखास चुकतं. टीएलडी रात्री असेल तर कॅल्शियम दुपारच्या जेवणाला टाका, कटकट मिटते.

डोलुटेग्रावीरमुळे शुगरचं मेटफॉर्मिन शरीरातून सावकाश बाहेर पडतं, म्हणून दिवसाला सहसा १००० मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. शुगरच्या डॉक्टरांना टीएलडी माहीतच नसेल तर ते २००० लिहून देतील. डोस स्वतः कमी करू नका, त्यांना सांगा.

टीएलडी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ०.१–०.२ने वाढून तिथेच थांबलं, तर बहुधा किडनीला काही झालेलं नसतं. पुढेही चढत राहिलं किंवा लघवीत प्रोटीन आलं, तर टेनोफोवीरवर संशय घ्यावा लागतो. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून आठवडाभर खाणं यासाठीच वाईट: दोन्हींचा भार किडनीवर. त्याऐवजी पॅरासिटामॉल.

अटाझानावीर-रिटोनावीर या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधांवर असणाऱ्यांनी गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधी थांबावं. रिटोनावीर ते यकृतात लवकर मोडू देत नाही. एकाच इंजेक्शनने चेहरा सुजू शकतो, शुगर चढू शकते. दम्याच्या पंपातल्या ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोनचंही तेच.

हाडांच्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल सांगायला संकोच वाटतो, हे खरं. पण २०१७च्या एचआयव्ही कायद्याने त्यांच्यावर गोपनीयतेचं बंधन आहे. एआरटीच्या डबीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधी दाखवा.