शाळेच्या अंगणात सावली हवी? या चुका टाळा

झाड लावतात जुलैत, पण त्याची खरी गरज पडते मार्च-एप्रिलात. जिल्हा परिषदेच्या शाळा तेव्हा सकाळच्या भरतात, तरी दहाच्या सुमाराला पटांगण तापतं आणि पहिली-दुसरीची पोरं भिंतीकडेच्या हातभर सावलीत दाटीवाटीनं उभी राहतात. म्हणून रोप निवडताना आधी एवढंच विचारा: एप्रिलमध्ये याच्यावर पानं असतात का?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. लवकर वाढतो म्हणून गुलमोहर रांगेनं लावला जातो. मूळ मादागास्करचं हे झाड आपल्याकडे ऐन मार्च-एप्रिलात बोडकं असतं. शिवाय लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडून पडतात. पळस, बहावा आपलेच. फुलांसाठी एखादा जरूर लावा, पण त्यांच्या सावलीवर विसंबू नका. त्यापेक्षा करंज बघा, एप्रिलमध्ये चकचकीत पोपटी पालवीनं भरलेला असतो. कडुनिंब पानं गाळतो, पण लगेच नवी धरतो. जांभूळ आणि बकुळ बारमाही हिरवी. बकुळ मात्र सावकाश वाढते, तोवर करंज-कडुनिंब वेळ निभावून नेतात. सकाळच्या उन्हासाठी ही झाडं पटांगणाच्या पूर्वेला हवीत, दुपारच्या उन्हासाठी पश्चिमेला. वड-पिंपळ इमारतीपासून, विहिरीपासून लांबच.

दरवर्षी रोपं वाळत असतील तर एक उपटून मुळं बघा. मी एका शाळेत असं वाळलेलं रोप उपटलं, तर काळी पिशवी तशीच होती आणि मुळं आत वेटोळी घालून बसली होती. वर्षभर मुलांनी डबड्यांनी घातलेलं पाणी वाया गेलं, याचं फार वाईट वाटलं. पिशवी ब्लेडनं पूर्ण कापून काढा, वेटोळी मोकळी करा. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल हवाच. मुरमाड जागेत तर चांगली माती बाहेरून आणून भरा.

मे महिन्याची सुट्टी हा रोपांचा खरा घात. बुडाला भोक पाडून वात लावलेलं मडकं रोपाशेजारी पुरा. दोन-तीन दिवसांनी कुणीतरी भरलं तरी भागतं. एरवी पोषण आहाराची ताटं धुतल्याचं पाणी चर काढून आळ्यात सोडा. पालापाचोळा जाळू नका, आळ्यात पसरा, फक्त खोडाला टेकवू नका.

झाड मोठं झालं की पार बांधायची घाई होते. बुंध्यावर माती चढवली की साल कुजते आणि सिमेंटनं मुळांचं पाणी तुटतं. बसायला दगड किंवा ओंडके थोडे अंतर सोडून ठेवा. पेव्हर ब्लॉकही बुंध्याजवळ नकोत.

खेळायला मातीचा उंचवटा करताना काळी माती वापरू नका, पावसात पोरं घसरतात. मुरूम आणि तांबडी माती चांगली. ओंडके जमिनीत अर्धे गाडा, म्हणजे गडगडत नाहीत. पावसाळ्यात त्यांच्या फटींत विंचू आहे का बघत जा. पुरलेल्या टायरांना भोकं पाडा, नाहीतर साचलेल्या पाण्यात डास होतात.

आणि कुंपण आजच तपासा. मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, मुलं खातात आणि उलट्या-जुलाब सुरू होतात. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी तर त्याहून घातक. दोन्ही मुळासकट काढून तिथे अडुळसा लावा. शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत.